उसाचा केवडा आणि धुळीतले लोह: समुद्रात धातू विरघळतात तरी कसे?

काळीमाती (मोहोळ, जि. सोलापूर)

नमस्कार. माझा प्रश्न समुद्राविषयी आहे, पण तो मला सुचला शेतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

सीनेच्या काठी आमचा ऊस आहे. गेल्या हंगामात खोडव्याच्या एका पट्ट्यात केवडा पडला. शेंड्याकडची कोवळी पाने आधी पिवळी पडली, मग जवळजवळ कागदासारखी पांढरी झाली. शिरा मात्र बराच काळ हिरव्या राहिल्या. माती तपासून घेतली तेव्हा पीएच 8.2 आला आणि चुनखडीचे प्रमाण बरेच निघाले. कृषी पदवीधर असलेला माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, लोह या मातीत पोत्याने आहे, ते उसाच्या मुळाला मिळत नाही, एवढेच दुखणे आहे." आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली असल्याने तिच्यात लोह भरपूर असते, हे मलाही ठाऊक होते. त्याच्या सांगण्यावरून हिराकसाची (फेरस सल्फेटची) फवारणी केली, त्या पाण्यात लिंबू पिळले, आणि पंधरवड्यात पाने हिरवी होऊ लागली.

त्यानंतर एका लेखात वाचले की वाळवंटातून उडालेली धूळ हजारो किलोमीटर दूर समुद्रात पडते आणि तिच्यातील लोहावर समुद्रातील सूक्ष्म वनस्पती वाढतात. मला जानेवारी 2022 मधला तो दिवस आठवला, जेव्हा पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश राखाडी झाले होते आणि तिथे राहणाऱ्या माझ्या नणंदेने गाडीच्या काचेवर बसलेल्या पांढुरक्या थराचे छायाचित्र पाठवले होते. ही धूळ अरबी समुद्रावरूनच आली, तेव्हा बरीचशी वाटेत पाण्यातही पडली असणार.

आता माझी अडचण अशी आहे की समुद्राच्या पाण्याचा पीएच सुमारे 8.1 असतो, म्हणजे तो माझ्या शेताच्या जवळपासच येतो. जे लोह आमच्या ओल्या मातीत उसाच्या मुळाशी असूनही विरघळत नाही, ते धुळीच्या कणातून समुद्राच्या पाण्यात कसे काय विरघळते? आणि तांबे, मँगनीज, शिसे या धातूंचेही असेच होते का? कृपया सविस्तर सांगावे. रसायनशास्त्र मी बारावीपर्यंत शिकले आहे.

सागर_रसायन (गोवा, मूळ गाव बार्शी)

ताई, तुमची तुलना बरोबर आहे आणि अर्धे उत्तर तिच्यातच आहे. समुद्राच्या पाण्यातील सूक्ष्म धातू मोजण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ज्या कारणाने तुमच्या उसाला केवडा पडला, त्याच कारणाने जगातील समुद्रांच्या जवळजवळ एक तृतीयांश भागात वनस्पतिप्लवक (म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या त्या सूक्ष्म वनस्पती) अर्धपोटी राहतात. तिथे नायट्रेट आणि फॉस्फेट शिल्लक असते, पण लोह नसते. हवेतील ऑक्सिजनच्या सान्निध्यात आणि आठाच्या आसपासच्या पीएचला लोह फेरिक (तीन धनभारांच्या) रूपात जाते, आणि फेरिक लोह अशा पाण्यात फार काळ टिकत नाही. त्याचे हायड्रॉक्साइड होऊन ते खाली बसते. काही बोअरचे पाणी उपसताना स्वच्छ दिसते आणि बादलीत रात्रभर ठेवले की सकाळी तळाशी तांबूस गाळ सापडतो, तो याच प्रकारचा.

उघड्या समुद्राच्या पृष्ठभागाजवळ विरघळलेले लोह बहुतेक ठिकाणी लिटरला 1 नॅनोमोलहून (मोलच्या अब्जाव्या भागाहून) कमी असते, आणि दक्षिण महासागरासारख्या भागात ते 0.2 नॅनोमोल किंवा त्याहूनही खाली जाते. 0.2 नॅनोमोल लोह म्हणजे सुमारे 11 नॅनोग्रॅम. सोलापुरात उन्हाळ्यात दारात येतो तो 10,000 लिटरचा टँकर अशा पाण्याने काठोकाठ भरला, तरी त्या अख्ख्या टँकरमध्ये मिळून लोह भरेल मिलिग्रॅमचा नववा हिस्सा. आता 1 ग्रॅम धूळ घ्या, म्हणजे चिमूटभर. तिच्यात 5 टक्के लोह धरले तर ते 50 मिलिग्रॅम झाले. त्यातील शंभरावा भाग जरी विरघळला, तरी अर्धा मिलिग्रॅम लोह पाण्यात येते, आणि साडेचार टँकर पाण्यातील लोह एका चिमटीने दुप्पट होते.

म्हणून किती धूळ पडली यापेक्षा तिच्यातील किती विरघळले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. हा वाटा सगळीकडे सारखा नसतो. वाळवंटातून नुकत्याच उडालेल्या धुळीतील लोहाचा बहुधा एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग विरघळतो. उलट इंधन तेल जाळून निघालेल्या राखेतील लोहाचा निम्म्याहून अधिक भागही विरघळू शकतो. पडण्याची जागा, म्हणजे समुद्राचे पाणी, दोन्ही वेळा जवळपास सारखेच असते. एवढे मोठे अंतर पडते ते मुख्यतः कण समुद्राला टेकण्याच्या आधी: तो कुठून निघाला, कसा तयार झाला आणि हवेत त्याच्यावर काय काय बेतले, यावर.

हवेत त्याच्यावर बेतते ते असे. धुळीचा कण दमट हवेत कोरडा राहत नाही. त्याच्याभोवती पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. कोळशाच्या आणि तेलाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडचे हवेत सल्फ्युरिक आम्ल बनते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून नायट्रिक आम्ल बनते, आणि ती या थरात उतरतात. थर इतका पातळ असतो की थोडेसे आम्लही तिथे फार तीव्र ठरते. पीएच 2 किंवा त्याखालीही जाऊ शकतो, म्हणजे लिंबाच्या रसाइतका आंबट किंवा त्याहूनही अधिक. अशा आंबट पाण्यात फेरिक लोह खनिजातून सुटू लागते. त्यातच हवेत ऑक्झॅलिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लेही असतात. ती लोहाला धरून कणाच्या पृष्ठभागावरून ओढून घेतात, आणि दिवसाचे ऊन त्या जोडीवर पडले की फेरिकचे फेरस (दोन धनभारांचे लोह) होते, जे पुष्कळ सहज विरघळते. पुढे कण ढगात शिरतो, थेंब मोठा होतो, आम्ल पातळ होते. थेंब सुकला की तेच आम्ल पुन्हा कणावर घट्ट होते. पावसाबरोबर खाली येण्यापूर्वी कण या फेऱ्यातून कित्येकदा जातो. लांबवर पोहोचणारी धूळ बारीक असते, बारीक कणाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे आम्लाचा परिणामही तिच्यावर अधिक होतो.

खनिज कोणते, यानेही फरक पडतो. हेमॅटाइट आणि गोएथाइट या लोहाच्या स्फटिकी ऑक्साइडांमध्ये लोह पक्के बांधलेले असते. चिकणमातीच्या खनिजांत, म्हणजे इलाइट किंवा आपल्या काळ्या मातीतील स्मेक्टाइटमध्ये, ते तुलनेने सैल असते. त्यामुळे लाल दिसणारी, लोहाने समृद्ध धूळ समुद्राला जास्त लोह देईलच असे नाही.

हे मोकळे झालेले लोह समुद्रात पडते तेव्हा पुन्हा तुमच्या शेतातील परिस्थिती येते. कोमट समुद्रात फेरस लोहाचे काही मिनिटांत फेरिक होते आणि ते खाली बसू पाहते. तिथे त्याला सावरून धरतात ते लिगंड, म्हणजे धातूला चिमट्यासारखे पकडणारे सेंद्रिय रेणू. समुद्रात विरघळलेल्या लोहापैकी 99 टक्क्यांहून अधिक लोह अशा रेणूंच्या पकडीत असते. त्यातील काही जीवाणू मुद्दाम बनवून पाण्यात सोडतात. त्यांना सिडेरोफोर म्हणतात. कृषी सेवा केंद्रात मिळणारे चिलेटेड लोह याच तत्त्वावर चालते, आणि तुम्ही फवारणीत लिंबू पिळले तेही याचसाठी: पाणी आंबट राहिले की फेरसचे फेरिक होणे मंदावते, आणि लिंबातील सायट्रिक आम्ल लोहाला धरून ठेवते. ज्या समुद्रात लिगंड मोकळे नसतात, तिथे धूळ कितीही पडली तरी विरघळलेले लोह एका मर्यादेपुढे वाढत नाही.

वेळेचेही एक गणित आहे. आधीच सैल झालेले लोह कण पाण्यात पडताच काही मिनिटांत ते काही तासांत सुटते. उरलेले हळूहळू, दिवसागणिक. पण 20 मायक्रॉन व्यासाचा मातीचा कण दिवसाला साधारण 30 मीटर खाली जातो, म्हणजे उजेडाच्या थरातून तो तीन-चार दिवसांत बाहेर पडतो. 2 मायक्रॉनचा कण एकटाच राहिला तर दिवसाला जेमतेम 30 सेंटिमीटर उतरतो आणि महिनोन्महिने वरच्या पाण्यात राहू शकतो.

रंगाऱ्याचा_नातू (सोलापूर)

मूळ विषयात भर घालण्याएवढे माझे ज्ञान नाही, पण हिराकसाचा उल्लेख वाचून राहवले नाही. आमच्या आजोबांचा सूत रंगवण्याचा व्यवसाय होता. काळा रंग हवा असेल तर सूत आधी हिरड्याच्या काढ्यात भिजवायचे आणि मग हिराकसाच्या पाण्यात बुडवायचे. सूत तुमच्या डोळ्यांदेखत करड्यावरून निळसर काळे होत जायचे. हिरड्यातील टॅनिन लोहाला धरते म्हणून तो रंग येतो, हे मला पुढे शाळेत कळले. ताईंना धुळीतून लोह सुटते की नाही हे घरी पाहायचे असेल, तर हिरड्याचा गाळलेला काढा वापरून पाहावा. पाण्यात लोह असल्यास तो काळवंडेल. आंबट पाण्यात रंग उठत नाही, एवढे मात्र आजोबांकडून ऐकले आहे. शेवटी चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा लागेल.

काळीमाती

दोघांचेही मनापासून आभार. हिरड्याची कल्पना वाचल्यावर मी लगेच करून पाहिले.

सोलापुरातील घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहेत. मे महिन्यात त्यांच्यावर बसलेली धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने कागदावर गोळा केली. दोन चमचे निघाली, पिठासारखी बारीक आणि मातकट करडी. तीन काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत साधे पाणी, दुसरीत समुद्रासारखे करावे म्हणून मिठाचे पाणी आणि तिसरीत व्हिनेगर घेतले आणि प्रत्येकीत अर्धा चमचा धूळ टाकली. व्हिनेगरच्या बाटलीत धूळ पडताच फसफसून फेस आला. रात्रभर ठेवून सकाळी तिन्ही पाणी कॉफीच्या गाळण कागदातून गाळले, हिरड्याचा काढा घातला आणि व्हिनेगरमध्ये सोडाही घातला. साध्या पाण्यात काहीच झाले नाही. मिठाच्या पाण्यात किंचित करडेपणा आला असे वाटले. व्हिनेगरमध्ये मला गडद काळा रंग अपेक्षित होता, पण तिथे फिकट तपकिरी छटाच आली आणि माझी निराशा झाली. आम्लाने लोह सुटते ना? मग असे का व्हावे?

सागर_रसायन

ताई, निराश होऊ नका. तुमच्या बाटलीत जे घडले तेच अरबी समुद्रावरच्या हवेत घडते, आणि माझ्या पहिल्या उत्तरात हा मुद्दा राहूनच गेला होता.

तो फेस चुनखडीचा होता. आपल्याकडच्या धुळीत कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि आम्ल आधी त्याच्याशी झुंजते. लोहाची पाळी नंतर येते. अर्ध्या चमच्यातील चुन्यानेच तुमचे बरेचसे व्हिनेगर खर्ची घातले असावे. अरबस्तान, इराण आणि थरचे वाळवंट या भागांतून अरबी समुद्रावर येणाऱ्या धुळीत कॅल्साइट मुबलक असते, त्यामुळे वाटेत भेटणारे आम्ल त्यातच संपते आणि लोह कणाच्या आत जवळजवळ जसेच्या तसे राहते. अरबी समुद्रावर गोळा केलेल्या धुळीतील लोहाचा विरघळणारा वाटा म्हणूनच बहुतेक वेळा एक टक्क्याच्याही आत भरतो. बंगालच्या उपसागरावर हिवाळ्यात उलट चित्र दिसते. तिथे गंगेच्या खोऱ्यातील कोळशाचा, वाहनांचा आणि शेतातील काड जाळल्याचा धूर घेऊन हवा समुद्रावर उतरते. धूळ तुलनेने कमी आणि आम्ल जास्त, त्यामुळे लोहाचा विरघळणारा वाटा दहा टक्क्यांच्या पुढेही जातो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी दोन्ही समुद्रांवर जहाजातून नमुने घेऊन हे काम केले आहे. जिथे धूळ कमी, तिथे तिचा विरघळणारा टक्का जास्त, हे जगातील इतर समुद्रांवरही पुन्हा पुन्हा आढळले आहे.

प्रयोगाबद्दल तीन सूचना करतो. फेस पूर्ण थांबेपर्यंत थोडे थोडे व्हिनेगर घालत राहा आणि त्यानंतर रात्रभर ठेवा. दुसरे, धूळ न घालता नुसते व्हिनेगर, नुसते मिठाचे पाणी आणि नुसते साधे पाणी याच बाटल्यांत, याच गाळण कागदातून घालून हिरड्याशी पाहा. आमच्या प्रयोगशाळेत या कोऱ्या नमुन्याशिवाय कोणताही आकडा लिहून ठेवत नाहीत. घरातल्या मिठात अशुद्धी म्हणून स्वतःचे थोडे लोह असू शकते, आणि तुम्हाला दिसलेला करडेपणा धुळीचा नसून मिठाचाही असेल. तिसरे, कॉफीचा कागद चिकणमातीचे बारीक कण अडवत नाही. आम्ही 0.2 मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून जे पार होते त्याला विरघळलेले म्हणतो. तीही एक सोयीची रेघच आहे, कारण त्यातून लोहाचे अतिसूक्ष्म कलिल कण निसटतातच.

कोऱ्या नमुन्याचा आग्रह मी उगाच धरत नाही. 1970 च्या दशकापूर्वी समुद्रातील लोहाचे आणि शिशाचे जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यातील बहुतेक चुकीचे होते. जहाज पोलादाचे, दोर पोलादाचा, बाटलीचे झाकण धातूचे. पाण्याबरोबर जहाजाचा गंजही मोजला जात होता. आजही आम्ही प्लास्टिकच्या बाटल्या आठवडाआठवडा हायड्रोक्लोरिक आम्लात मुरवतो आणि गाळण्याचे काम शुद्ध हवेच्या बंद खोलीत, दुहेरी हातमोजे घालून करतो. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत माझ्याकडून एका नमुन्याचे झाकण क्षणभर टेबलावर उलटे ठेवले गेले होते. त्या एका नमुन्यात शेजारच्या नमुन्यांच्या सातपट लोह निघाले आणि तीन दिवसांचे काम टाकून द्यावे लागले.

गाळणकागद (पुणे)

चर्चा उत्तम चालली आहे. एका मुद्द्यावर मात्र मला वेगळे म्हणायचे आहे. धूळ पडली की विरघळलेले लोह वाढते, असे वरच्या टँकरच्या हिशोबावरून वाटते. ते नेहमीच खरे नसते. भूमध्य समुद्रात मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये समुद्राचे पाणी कोंडून त्यात सहाराची धूळ टाकण्याचे प्रयोग झाले, तेव्हा काही प्रयोगांत विरघळलेले लोह धूळ टाकल्यावर कमी झालेले आढळले. धुळीचे कण खाली जाताना पाण्यातील लोह स्वतःच्या पृष्ठभागावर चिकटवून घेऊन गेले. म्हणजे पाण्यात लिगंड किती मोकळे आहेत, प्लवकांचा बहर नुकता येऊन गेला आहे की नाही आणि धूळ एकदम किती पडली, यावर धूळ देणारी ठरते की नेणारी, हे अवलंबून असते. सागर_रसायन यांनी लिगंडांची मर्यादा सांगितलीच आहे. तिची ही दुसरी बाजू.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो मागे पडला. प्रत्येक धातूची चाल निराळी आहे.

मँगनीज लोहापेक्षा पुष्कळ सहज सुटते. धुळीतील मँगनीजचा मोठा वाटा, बरेचदा कित्येक दहा टक्के, पाण्यात जातो. शिवाय समुद्राच्या वरच्या थरात ऊन मँगनीजच्या ऑक्साइडांना क्षपित करून पुन्हा विरघळवते, त्यामुळे त्याचे प्रमाण पृष्ठभागाजवळ जास्त आणि खाली कमी असे दिसते. ॲल्युमिनियम भूकवचात वजनाने सुमारे 8 टक्के असते आणि सजीवांना त्याची फारशी गरज नसते. म्हणून पृष्ठभागाच्या पाण्यातील विरघळलेल्या ॲल्युमिनियमवरून अलीकडे तिथे किती धूळ पडली, याचा अंदाज बांधतात. अर्थात त्यासाठी विरघळणारा वाटा गृहीत धरावा लागतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. टायटॅनियम जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे मूळ धूळ किती होती याचा तो चांगला साक्षीदार ठरतो.

तांब्याविषयी मला विशेष सांगावेसे वाटते. ते हवेत मुख्यतः माणसाच्या उद्योगांतून येते आणि त्याचा विरघळणारा वाटा मोठा असतो. थोडे तांबे प्लवकांना लागते, पण जरा वाढले की तेच विष होते. लाल समुद्राच्या अकाबा आखातातील पाण्यावर केलेले प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात काही हवाई कणांमुळे प्लवक वाढण्याऐवजी मेले आणि संशय तांब्यावर आला. सिनेकोकोकस हा सूक्ष्म जीव त्याला फार लवकर बळी पडतो. म्हणून धूळ म्हणजे समुद्राचे खत, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. काय विरघळले, हे पाहिल्याशिवाय ते खत की विष हे ठरत नाही.

शिशाची कथा तर माणसाने स्वतः लिहिली. पेट्रोलमधील शिसे धुराबरोबर बारीक कणांवर बसून समुद्रावर गेले आणि सहज विरघळले. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने अतिस्वच्छ पद्धती वापरून ते दाखवून दिले. अमेरिकेत शिसेयुक्त पेट्रोल 1970 च्या दशकापासून कमी होत गेले, तसे उत्तर अटलांटिकच्या वरच्या पाण्यातील शिसेही उतरत गेले. आपल्या देशात शिसेरहित पेट्रोल सर्वत्र 2000 साली आले.

पंढरीचा_वाटसरू (पंढरपूर)

सगळे वाचून एक शंका येते. उसावर फवारतो तसे हिराकस समुद्रातच टाकले तर? प्लवक वाढतील, हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल, आणि धूळ विरघळण्याची वाट पाहावी लागणार नाही. आणि दुसरे, आपल्या सोलापूर जिल्ह्याची धूळ शेवटी कोणत्या समुद्राला मिळते?

गाळणकागद

माऊली, ते करून झाले आहे. जॉन मार्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या अखेरीस लोहाच्या कमतरतेची कल्पना ठामपणे मांडली. 1993 मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये पहिला प्रयोग झाला. त्यानंतर असे डझनभर प्रयोग झाले आणि जवळजवळ सगळ्यांत हिराकसच वापरले गेले, तेही आम्लयुक्त पाण्यात कालवून. कारण ताईंच्या लिंबाचेच आहे. 2009 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर पोलारस्टर्न या जहाजावरून दक्षिण अटलांटिकमध्ये लोहाफेक्स हा प्रयोग केला. सुमारे 300 चौरस किलोमीटरच्या पाण्यात हिराकस सोडले. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने काचेसारखे कवच असलेले डायॅटम वाढू शकले नाहीत. जे वाढले ते प्राणिप्लवकांनी खाऊन टाकले आणि खोल पाण्यात कार्बन फारच थोडा गेला. फवारलेले हिराकस काही दिवसांतच फेरिक होऊन बसू लागते, म्हणून ते पुन्हा टाकावे लागते. धुळीतील लोह थोडे थोडे आणि अनेक आठवडे सुटत राहते. तो संथपणा हिराकसाला नाही.

आपल्या धुळीचे म्हणाल, तर ती दोन वाटांनी जाते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात बहुधा ईशान्येकडून. जाड कण जिल्ह्यातच किंवा शेजारच्या जिल्ह्यात खाली बसतात. बारीक कणच हिवाळ्यात अरबी समुद्राकडे जाऊ शकतात. पाण्याने वाहून जाणारी माती मात्र भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. नदीच्या पाण्यातील विरघळलेल्या लोहाचा बहुतेक भाग मुखाशी खारे पाणी मिसळताच गोळा होऊन तिथेच बसतो. त्यामुळे किनाऱ्यापासून दूरच्या समुद्राला नदीपेक्षा हवेची वाट महत्त्वाची ठरते, जरी नदीतून जाणारी माती कित्येक पट जास्त असली तरी.

काळीमाती

सागर_रसायन सरांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा केले, त्याचा निकाल लिहिते.

कोऱ्या नमुन्यांनी माझी चूक दाखवली. धूळ न घातलेल्या मिठाच्या पाण्यातही हिरड्याने तोच किंचित करडेपणा आला, म्हणजे पहिल्या वेळचा रंग धुळीचा नव्हता. साधे पाणी आणि नुसते व्हिनेगर यांत हिरड्याचा स्वतःचा पिवळसर रंगच दिसला. धुळीच्या बाटलीत फेस थांबेपर्यंत व्हिनेगर घालत गेले; पहिल्या वेळच्या जवळजवळ तिप्पट लागले. रात्रभर ठेवून, दोनदा गाळून, हिरडा आणि सोडा घातला, तेव्हा पाणी हळूहळू निळसर काळे झाले, जुन्या दौतीतल्या शाईसारखे. रंगाऱ्याच्या नातवाने वर्णन केलेला रंग तो हाच असावा.

त्याच दिवशी आणखी एक करून पाहिले. विहिरीच्या पाण्यात हिराकस विरघळवून दोन ग्लास भरले आणि एकात अर्धे लिंबू पिळले. दुपारपर्यंत बिनलिंबाचा ग्लास गढूळ पिवळा झाला आणि संध्याकाळी त्याच्या तळाशी तांबूस थर बसला. लिंबाचा ग्लास दुसऱ्या दिवशी सकाळीही फिकट हिरवा आणि स्वच्छ होता. भावाला तो दाखवला; फवारणीचे पाणी आदल्या रात्री कालवून ठेवणारे शेजारी आहेत, त्यांना तो आता हे दोन ग्लास दाखवायला घेऊन गेला आहे.

मृगाच्या पहिल्या सरीचे पाणीही गच्चीवर स्वच्छ प्लास्टिकच्या ताटात धरले होते. पीएचच्या पट्टीवर ते 6 आणि 7 च्या मध्ये आले आणि ताटाच्या तळाशी करड्या धुळीचा पातळ थर राहिला. तो सुकवून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला, तर त्यालाही फेस आला.